दुसऱ्या खोलीची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. वाढदिवसाचे नव्हे, ओळखपत्रही नव्हे; टीव्हीच्या डिशचे कार्ड. पत्त्याच्या पानाहून थोडे लहान, आणि अंगावर नखाएवढा एक सोनेरी चौकोन. तो चौकोन आता कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला आहे, पण माझी सगळी अक्कल अजून तिथेच आहे.

माझे काम कुलपांचे. आकाशातून येणारे चित्र कुलूपबंद असते आणि ते कुलूप दर दहा सेकंदांनी बदलते. टीव्हीखालचा बॉक्स त्या कुलपाची चिठ्ठी माझ्यापुढे धरतो. मी किल्ली देतो, दहा सेकंद चित्र चालते, तेवढ्यात पुढची चिठ्ठी हजर. असे मी वर्षानुवर्षे केले. पण आजवर एकही चित्र मी पाहिलेले नाही. किल्ल्या करणाऱ्याला घरात कोण बोलावतो? मी फक्त ऐकतो.

माझा जन्म स्पेनमधला. तिथल्या एका बंदरात मगात साम्ब नावाचा, दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या कायार गावचा माणूस मासळी साफ करण्याच्या कारखान्यात बारा वर्षे राबला. फुटबॉल बघण्यासाठी त्याने मला घेतले. पाकिटातल्या कागदावर लिहिले होते, ‘एका कुटुंबासाठी एक कार्ड’. मगातने तो कागद दोनदा वाचला आणि हसला. त्याचे कुटुंब एकच होते. बायका तेव्हा दोन होत्या आणि गावी परतल्यावर वर्षभरात तीन झाल्या. कागद लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे काही आले नसावे.

परतताना मगातने मला खिशातून आणि एक भलीमोठी डिश जहाजातून आणली. स्पेनचे चॅनल आमच्या किनाऱ्यावर पकडायचे तर तेवढी डिश लागतेच. तीन बायकांच्या तीन खोल्या, तीन खोल्यांत तीन टीव्ही, आणि कार्ड मी एकटा. न्यायाच्या बाबतीत मगातचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. साबणाच्या वड्यासुद्धा तो मोजून सारख्या वाटायचा. दोन दिवस थोरल्या न्देलाकडे, दोन दिवस मधल्या खुदियाकडे, दोन दिवस धाकट्या उलिमाताकडे, अशी त्याची पाळी असे. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून मीही तसाच फिरायचो.

न्देलाला एका स्पॅनिश मालिकेचे वेड होते. भाषेचे एक अक्षर तिला कळत नव्हते. पण कोणते पात्र काय म्हणाले ते ती अंगणात बसून ठणकावून सांगायची, आणि मी तिच्याकडे नसलो त्या दिवसांची कथा खुशाल मनाने रचायची. खुदियाला रानातल्या जनावरांचे कार्यक्रम आवडत. उलिमाताला लहान मुले होती, तिला कार्टून लागत. एकदा पाळी संपली तरी तिने मला तांदळाच्या पोत्यात दडवून ठेवले होते. त्यानंतर चार दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही.

शेवटी मगातने पुतणीला बोलावले. तिचे नाव बिनता. बाजारात तिचे मोबाइल आणि डिश दुरुस्तीचे दुकान आहे. तिने एक पेटी आणली, दाराशी पाण्याच्या रांजणावरच्या कोनाड्यात ठेवली, मला तिच्यात सरकवले आणि पेटीतून तिन्ही खोल्यांत वायरी नेल्या.

“काका, आता कार्ड कुणाच्याच खोलीत नाही,” ती म्हणाली. “जिला हवं तिनं वायरीतून मागावं. तिथल्या तिथं मिळेल.”

तेव्हापासून मी जागचा हललो नाही. चिठ्ठ्याच माझ्याकडे येऊ लागल्या. प्रत्येक चिठ्ठीवर खोलीचा आकडा असे, एक, दोन किंवा तीन. दोन खोल्यांत एकच चॅनल चालू असले तर पेटी मला एकदाच विचारायची आणि तीच किल्ली दोघींना वाटायची. मगातला तर आकाश ठेंगणे झाले. पाहुणा आला की चहाआधी त्याला कोनाडा दाखवला जायचा, आणि मी अंधारात बसून फुगायचो.

पण मित्रांनो, कायारचा वारा समुद्राचा. तो मीठ घेऊन येतो आणि दिसेल त्या धातूला चाटतो. बिनताने जाताना बजावले होते, पंधरा दिवसांनी एकदा कार्ड काढा आणि खोडरबराने चौकोन हलक्या हाताने पुसा. दोन वर्षांत एकदाही कुणी पुसला नाही. आळस नव्हता त्यात. जी बाई मला हात लावील तिने बाकी दोघींचे काहीतरी बिघडवले असा बोभाटा होणार, हे तिघी जाणून होत्या. न्याय व्हावा म्हणून मला मधोमध ठेवले, आणि त्याच न्यायापायी मला कुणी शिवेना. मगात मासळीच्या ट्रकबरोबर आठवडाच्या आठवडा बाहेरगावी असे. त्याला काय सांगणार?

हळूहळू एक किल्ली द्यायला मला तीन-तीन, चार-चार खेपा लागू लागल्या. एकच चिठ्ठी असली तर निभायचे. तीन खोल्यांतून तीन निरनिराळ्या चिठ्ठ्या आल्या की शेवटचीचे उत्तर निघेपर्यंत कुलूप बदललेले असे, आणि कुठल्या तरी खोलीत चित्र गोठायचे. त्यात न्देलाची बोटे वळवळी. जाहिरात लागली की ती रिमोटने पाच चॅनल फिरवून यायची; म्हणजे माझ्यापुढे आणखी पाच चिठ्ठ्या. चित्र गोठले की प्रत्येकीला वाटे, दुसरीने मुद्दाम केले. मला वाईट वाटायचे, पण सांगणार कसा?

आता ज्या नऊ दिवसांसाठी मी हे सगळे सांगायला बसलो, ते सांगतो.

खुदियाचा थोरला मुलगा चेर्नो बावीस वर्षांचा होता. एका पहाटे माझ्या कोनाड्याखाली ती त्याच्या पिशवीत भाजलेल्या बाजरीचे पीठ आणि लिंबे भरत होती. दोघेही कुजबुजत होते, पण मी वीतभर अंतरावर होतो. तो होडीने निघाला होता, मासे धरायला नव्हे. किनारा सोडून उत्तरेला, स्पेनच्या बेटांकडे. सत्तर माणसे आणि एक होडी.

“आई, आठएक दिवस लागतील,” चेर्नो म्हणाला. “होडी लागली की तिथल्या टीव्हीवर दाखवतात. फोन मग कधीतरी मिळेल. तू टीव्ही बघत राहा.”

“तुझ्या बापाला काय सांगू?”

“मामाकडे भुईमूग काढायला गेलाय म्हणून सांग.”

मगातने या प्रवासाला साफ मनाई केली होती. मी बारा वर्षे तिथे मासे साफ केले, माझ्या पोराने करायचे नाहीत, हे वाक्य मी त्याच्या तोंडून कितीदा तरी ऐकले आहे. पण खुदियाने तोंड मिटून घेतले ते केवळ नवऱ्याच्या धाकाने नव्हे. आमच्याकडे लोक डोळ्यापेक्षा जिभेला जास्त भितात. वाटेवर असलेल्या माणसाचे नाव चार तोंडांत गेले की वाट मोडते म्हणतात. आणि सवतीच्या तोंडात गेले तर विचारूच नका. म्हणून खुदियाने कुणालाही सांगितले नाही. वाट सुखाची व्हावी म्हणून तिने उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतले, चेर्नो ते पाणी ओलांडून गेला, आणि ती खोलीत जाऊन बसली.

त्या सकाळपासून दुसऱ्या खोलीतून जनावरांची चिठ्ठी बंद झाली. येऊ लागली ती एकाच चॅनलची, बेटांवरच्या चॅनलची. सकाळी तीच, दुपारी तीच, दिवेलागणीलाही तीच. दहा सेकंदांनी एक, मिनिटाला सहा. साऱ्या घरात ही गोष्ट मला एकट्याला ठाऊक होती, आणि मी मुका.

पाचव्या दिवशी बेटांवर एक होडी लागली. मला कळले ते खुदियाच्या श्वासावरून. तिच्या खोलीचा पडदा कोनाड्याला लागूनच आहे. नेमकी तेव्हाच न्देलाची मालिका सुरू झाली आणि उलिमाताच्या पोरांनी कार्टून लावले. मी एक किल्ली दिली, दुसरीला अडखळलो, आणि दुसऱ्या खोलीतले चित्र गोठले. खुदिया धावत अंगणात आली.

“न्देलाताई, थोडा वेळ तुमचा टीव्ही बंद ठेवता? घटकाभरच.”

“का गं? तुझ्या वाघसिंहांना माझी मालिका बघून भूक लागेना का?”

“तसं नाही हो. जरा बघायचं होतं.”

“मलाही जराच बघायचं असतं. तुझा लेक मामाकडं शेंगा खात बसलाय, तर तूही चार शेंगा सोलत बस.”

उलिमाता खो खो हसली. खुदिया हसली नाही, रडलीही नाही. रडली असती तर विचारपूस झाली असती. ती परत गेली तेव्हा बातम्या संपल्या होत्या. होडीतून कोण उतरले ते तिने पाहिले नव्हते. पुढचे दोन दिवस तिचा फोन वाजला नाही, तेव्हा तिने मनाशी ठरवले असावे की ती होडी त्याची नव्हती.

आठव्या दिवशी बाजारातून बातमी आली. किनाऱ्यावरच्याच कुठल्याशा गावाची एक होडी उलटली होती. कोणत्या गावाची, ते कुणाला नक्की सांगता येत नव्हते. रांजणाशी पाणी घ्यायला आलेल्या बाया त्यावर बोलत उभ्या राहिल्या. खुदियाही त्यांच्यात होती. देव त्यांच्या आयांना बळ देवो, असे सगळ्या म्हणाल्या, तीही म्हणाली. मग तांब्या न भरताच ती टीव्हीपुढे परतली.

नवव्या दिवशी सकाळी पुन्हा चित्र गोठले, आणि खुदियाच्या धीराचा बांध फुटला. ती बाहेर आली, अंगणात कुणी नाही असे पाहून तिने पेटी उघडली आणि मला ओढून काढले. दोन वर्षांनी माझ्या अंगाला माणसाचा हात लागला. ती मला पदराने पुसत होती. पुसता पुसता पुटपुटत होती, “दाखव रे बाबा, एकदा दाखव.” आणि दारातून उलिमाता आत आली.

पुढे जे व्हायचे तेच झाले. उलिमाताने आवाज दिला, न्देला आली, तीनही टीव्ही बंद पडलेले, आणि खुदियाच्या मुठीत मी. रोज माझे चित्र कोण गोठवते ते आज सापडले, असे न्देला म्हणाली. मगात परत येऊ दे, त्याच्यापुढेच निवाडा होईल, आणि ही चोरटी या घरात राहील किंवा मी, इथवर तिची मजल गेली.  खुदियाने मला पेटीवर ठेवले आणि ती खोलीत गेली. पुरावा हवा म्हणून न्देलाने बिनताला निरोप धाडला.

बिनता लॅपटॉप घेऊन आली. मला पेटीत सरकवून तिने वायर जोडली. कोणत्या खोलीने कधी काय मागितले त्याची सगळी यादी पेटीत असते. ती यादी वाचता वाचता बिनताचे बोट थांबले. न्देला कमरेवर हात ठेवून शेजारीच उभी होती.

“सापडलं का?”

“काकू, कुणी काही बिघडवलेलं नाही. कार्डाला मीठ खातंय.” बिनताने आवाज खाली आणला. “पण दुसऱ्या खोलीतून नऊ दिवस एकच चॅनल मागितलाय. सकाळपासून रात्रीपर्यंत. मध्ये एकदाही बदललेला नाही.”

“कसला चॅनल?”

“बेटांवरचा. जिथं होड्या लागतात.”

 न्देलाने रांजणातून पेला भरला, पण प्यायली नाही, तसाच खाली ठेवला.

“चेर्नो भुईमूग काढायला गेलाय,” ती म्हणाली. मग स्वतःशीच म्हणावे तसे म्हणाली, “या दिवसांत शेतात भुईमूग राहतो तरी का? महिना झाला पीक निघून.”

मित्रांनो, मला या बाईचा फार राग यायचा. पाच-पाच चॅनल फिरवून तिने मला रडवले होते. पण त्या क्षणी तिने जे केले त्यासाठी मी तिला सगळे माफ केले. ती खुदियाच्या पडद्याशी गेली नाही. तोंडातून चेर्नोचे नावही तिने पुन्हा काढले नाही. जिभेचे भय तिलाही होतेच. ती उलिमाताच्या दारात गेली.

“पोरांचं कार्टून बंद कर. आज तू बेटांवरच्या बातम्या लावायच्या. मीही लावतेय.”

“मला कुठं ती भाषा येते?”

“मलाही येत नाही. लाव म्हणते ना. आणि का ते विचारलंस तर बघ.”

बिनताने खिशातून खोडरबर काढले. माझा चौकोन तिने तीनदा हळूहळू पुसला. मिठाची पुटे निघताना मला झोंबले, पण बरेही वाटले. मला पेटीत ढकलून ती तिथेच रांजणाला टेकून उभी राहिली.

दुपारचा एक वाजत आला होता, बातम्यांची वेळ. दुसऱ्या खोलीची चिठ्ठी आली, नेहमीचीच. पाठोपाठ पहिल्या खोलीची आली आणि ती तंतोतंत तशीच होती. मग तिसऱ्या खोलीची, तीही तशीच. पेटीने मला एकदाच विचारले. मी एक किल्ली दिली आणि तिन्ही कुलपे उघडली. या घरात आल्यापासून तीन खोल्यांनी एका वेळी एकच गोष्ट मागितली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.

बातम्या सुरू झाल्या. तीन दारांतून एकच आवाज ऐकू येऊ लागला. परक्या भाषेत बाई भराभर बोलत होती. त्यात होडीचा शब्द आला, तो मला स्पेनपासून माहीत आहे. बंदराच्या धक्क्यावर आज सकाळी एक होडी लागली होती. अंगणात कुणी हालचाल करीत नव्हते.

आणि मग खुदिया खोलीतून बाहेर आली. नऊ दिवस तिने डोळ्यात तेल घालून पाहिले होते. आता चित्र अखंड चालू झाले, तेव्हा तिला बघवेना. ती माझ्या कोनाड्याखाली जमिनीवर बसली, पाठ भिंतीला लावली, डोळे मिटले. तिला चित्र दिसत नव्हते, मलाही नव्हते. बिनताने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

दहा सेकंद गेले. मी किल्ली दिली. पुढची चिठ्ठी आली. पहिल्या खेपेला मी अडखळलो, दुसऱ्या खेपेलाही. चौकोनात कुठेतरी मिठाचा कण राहिला होता. तिसऱ्या खेपेला मी जीव एकवटला आणि किल्ली निसटता निसटता दिली. परक्या बाईचा आवाज तुटला नाही. मी एवढा कधी भ्यालो नव्हतो. एका किल्लीत चार-पाच चेहरे येतात. एक किल्ली चुकली तर ते चार-पाच चेहरे गेले, आणि खुदियाने ते कुणाकडे मागायचे?

आणखी दहा सेकंद. आणखी दहा.

पहिल्या खोलीतून न्देलाची किंकाळी आली. ती दारापर्यंत आली नाही, टीव्हीपुढून हललीच नाही, तिथूनच ओरडली.

“खुदिया! आला गं! पोरगा आला!”

खुदियाने डोळे उघडले नाहीत. भिंतीला तशीच टेकून तिने विचारले, “ताई, उचलून आणलाय की चालतोय?”

 घराघराला ऐकू जाईल असा जिचा आवाज, त्या न्देलाचा आवाज एवढुसा झाला होता.

“चालतोय,” ती म्हणाली. “माझा पोरगा चालतोय.”

मित्रांनो, त्यानंतर दोन दिवसांनी चेर्नोचा फोन आला, मगात संतापला, मग एकटाच मागच्या अंगणात जाऊन बसला, ते सगळे घरगुती आहे. माझी मुदत पुढच्या वर्षी संपली. नवीन कार्ड आले, आणि मी आता कोनाड्यात पेटीवर नुसता पडून असतो. माझे म्हणणे एवढेच, की आमच्यासारख्या मुक्या वस्तूंच्या अंगावरचे मीठ वेळच्या वेळी पुसत जा. पुसणाऱ्या हातावर संशय घेऊ नका. आणि दुसरे त्याहून मोठे आहे. नऊ दिवस एका खोलीतून एकच चिठ्ठी येत होती. मी तिला जमेल तशी किल्ली दिली. पण बाई, तुला काय झालेय, एवढे विचारायला मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.